कडक ऊन, तरी सोलरची वीज कमी?

प्रश्न: आमच्या गच्चीवर दिवसभर रखरखीत ऊन. ३ किलोवॅटची पॅनेल घ्यायचा विचार आहे, पण बसवणारा म्हणतो भर उन्हाळ्यात उत्पादन थोडं पडतं. हे काय गौडबंगाल?

उत्तर १: बरोबर सांगतोय तो. पॅनेलची क्षमता आतले सेल (ऊन झेलून वीज बनवणारे तुकडे) २५ अंश सेल्सिअसला असताना मोजलेली असते. दुपारी काचेला हात लावून बघा, चटका बसतो. आत ६० अंश सहज होतात आणि सिलिकॉनच्या पॅनेलला २५ च्या वरच्या दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के फटका बसतो. म्हणजे दहा-चौदा टक्के गेलेच. स्लॅबपासून उंच बसवा, खालून वारा खेळू दे.

उत्तर २: उष्णतेचं सोडा, सावली बघा आधी. टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी त्याच साखळीतली (एकामागोमाग एक जोडलेली) बाकीची पॅनेल मार खाऊ शकतात.

प्रश्नकर्ता: टाकी नेमकी मधोमध आहे हो! बरं, लाइट गेले तर घरात वीज राहील ना?

उत्तर १: बॅटरी नसेल तर नाही. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) पुरवठा गेला की आपोआप बंद होतो, नाहीतर पॅनेलची वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्याला शॉक बसेल. विकताना हे सांगायचं बरेच जण विसरतात!