मदत हवी आहे: न्यूमोकोकसच्या एमआयसीसाठी घोड्याऐवजी मेंढीचं रक्त चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी जळगावला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकोकसवर (न्यूमोनियाच्या एका जंतूवर) नॅफिथ्रोमायसिन किती चालतं, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. त्यासाठी एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, काढायची आहे. वोखार्ट कंपनीचं हे औषध नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालं. न्यूमोनियाला रोज एकदा 800 मिग्रॅ, तीनच दिवस. आपल्याकडे साध्या खोकल्यालाही लोक अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतात, म्हणून खान्देशातल्याच रुग्णांचे जंतू तपासावेत अशी फार इच्छा आहे.

घोडं अडलंय ते रक्तापाशी. एमआयसी काढायच्या ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन चाचणीत (औषध टप्प्याटप्प्याने पातळ करून त्यात जंतू वाढतात का ते बघतात) म्युलर-हिंटन ब्रॉथ या द्रव माध्यमात घोड्याचं लाइज्ड (पेशी फोडलेलं) रक्त 2.5 ते 5 टक्के घालतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीला केवढा घोडेबाजार भरतो, पण ज्या जनावराला आधी कुठली इंजेक्शनं दिलीत हेच माहीत नाही, त्याचं रक्त चाचणीला कसं घ्यायचं? मेंढीचं मिळू शकतं. साक्रीकडे ठेलारी लोकांचे कळप आहेत, रीतसर परवानगी काढून पशुवैद्यकांकडून रक्त घेता येईल.

माझ्या वाचनाप्रमाणे घोड्याच्या रक्तात थायमिडीन (डीएनएचा एक घटक) फोडणारं एन्झाइम असतं. मेंढीच्या रक्तात थायमिडीन तसंच राहतं, ते वापरून जंतू को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाला चुकवतात आणि त्याचं रीडिंग चुकतं. पण ते औषध माझ्या यादीत नाहीच. मग मॅक्रोलाइडसाठी (अझिथ्रोमायसिनच्या गटातल्या औषधांसाठी) मेंढीचं रक्त वापरलं तर कुठे बिघडेल? रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्त वापर असंही एकांनी सुचवलं, पण त्यात सायट्रेट आणि दात्याच्या अँटीबॉडीज असतात. ते मला पटत नाही.

शुद्ध पावडरचाही प्रश्न आहे. गोळी कुटून वापरायची नाही, त्यात औषधाशिवाय बरंच काही असतं. कंपनीला पत्र लिहून विद्यार्थ्याला पावडर मिळाल्याचा कुणाला अनुभव आहे का? पत्र गाइडच्या नावाने पाठवावं की विभागाच्या?

आणखी एक. आमच्याकडे सीओटू इनक्युबेटर नाही. कल्चर कँडल जारमध्ये (मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीत) वाढवते, पण एमआयसीची प्लेट साध्या हवेतच 35 अंशांवर 20 ते 24 तास ठेवायची, बरोबर ना? सीओटूने माध्यम आम्लधर्मी होऊन मॅक्रोलाइड उगाच कमजोर दिसतात, म्हणून खात्री करून घेतेय.

कंट्रोल म्हणून एटीसीसी 49619 हा न्यूमोकोकसचा प्रमाणित वाण आहे. मेंढीच्या रक्तात त्याची अ‍ॅझिथ्रोमायसिनची एमआयसी ठरलेल्या मर्यादेत आली, तर परीक्षकांना तेवढा पुरावा पुरेल का? नाशिक किंवा संभाजीनगरकडे कुणी ही चाचणी नेहमी करत असेल तर कृपया सांगा, मी येऊन शिकायला तयार आहे.