मदत हवी आहे: १० लिटर वर्ट (बिअरसाठी उकळलेला, अजून न आंबवलेला धान्याचा गोड काढा) पटकन गार कसं करायचं?

मंडळी, घरच्या बिअरचं वर्ट उकळून झालं की यीस्ट टाकण्याआधी २० अंशांच्या आसपास आणावं लागतं. कोल्हापूरचा एप्रिल, गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट! टबात पातेलं ठेवलं की थोड्या वेळात टबच तापतो, आणि वर्ट ३५ च्या खाली उतरत नाही. तेवढ्यात जंतू शिरले की माल आंबलाच. वर्टमध्ये बुडवून आतून नळाचं पाणी सोडायला उद्यमनगरात तांब्याची नळी (कॉइल) वळवून मिळेल हो, पण नळालाच गरम पाणी असेल तर कॉइल काय करणार?

आधी साधं पाणी, मग बर्फ-मीठ, असं दोन टप्प्यांत कुणी केलंय का? बर्फ किती किलो लागतो? आणि उकळून गोठवलेलं पाणी थेट वर्टमध्ये टाकायचं तर सुरुवातीलाच पाणी किती कमी धरायचं? सांगा राव.