कापडी टपाची हौसेची गाडी: जिप्सी, थार, की झेनचं छप्पर कापायचं?

मांजराकाठ (लातूर)
घरात एक डिझेल एसयूव्ही आहे, रोजचं सगळं तिच्यावरच. आता फक्त हौसेसाठी टप उघडता येईल अशी लहान जुनी गाडी बघतोय. वापर म्हणजे रविवारी सकाळी औसा, खरोसा, कधी तुळजापूर. वर्षाला दोन-तीन हजार किमी. उभी करायला पत्र्याचं शेड आहे. समोर आहेत: एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी) जिप्सी सॉफ्ट टॉप, २०२१ ची थार पेट्रोल सॉफ्ट टॉप आणि जाहिरातीत दिसलेली एक सॅन स्टॉर्म. शिवाय ओळखीचा गॅरेजवाला म्हणायलाय, जुन्या झेनचं छप्पर कापून ओपन करून देतो, सगळ्यात स्वस्तात पडेल. बघताना नेमकं काय तपासायचं?

पाना_१४ (जालना)
झेनचा विषय आधी मिटवा. झेनला वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी असते. झाकण लावलेला पुठ्ठ्याचा खोका पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. फरक हातालाच कळेल. छप्पर कापलं की गाडी मधोमध लवते. आधी दरवाजे उंबऱ्यावर घासतात, मग कुलूप बसेनासं होतं, मग गतिरोधकावर पुढची काच तडकते. कंपनी जेव्हा अशाच गाडीची कन्व्हर्टिबल काढते तेव्हा उंबऱ्यात जाड पत्रा, तळाला आडव्या पट्ट्या आणि काचेच्या चौकटीत पोलादी नळी घालते. गॅरेजमध्ये दोन अँगल वेल्ड करून ते काम होत नाही. सीटबेल्टचा खांबावरचा वरचा टेकूही छपरासोबत जातो, त्यामुळे बेल्ट बांधणार कुठे हा वेगळाच प्रश्न.

कागदाचं तर विचारूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार.

जिप्सी आणि थार दोन्हींना शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे. वर कापड असो की पत्रा, भार खालीच. म्हणून कापडी टप त्यांना शोभतो.

लीफस्प्रिंग (परभणी)
जिप्सी बघायला जाणार असाल तर टॉर्च, जॅक आणि पेचकस सोबत न्या. इंजिन १२९८ सीसीचं, दणकट आहे, त्यात फार वेळ घालवू नका. वेळ घालवायचा तो गाडीखाली.

मॅट उचला आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ पेचकसाच्या मुठीने ठोका. टणक आवाज यायला हवा. भद्द आला तर रंगाखाली गंज आहे. कापडी गाडीत पाणी आत येतंच, आणि मॅटखाली ते आठवडाभर मुरतं. मग मागच्या लीफ स्प्रिंगचा शॅकल (स्प्रिंगचं टोक धरणारी हलती कडी) चासीला जिथे बसतो ती जागा आणि बॉडी जिथे चासीवर टेकते ते रबरी माउंट बघा. तळाचा पत्रा बदलता येतो, पण चासीवर वेल्डिंगचे टाके दिसले तर चहा पिऊन परत या.

दुसरं, ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का? विकणारा म्हणेल "बॅलन्सिंग करून घ्या". पुढचं चाक जॅकवर उचला, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर व्हील बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बंद होतो. तरीही चाक हललं तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिची, बेअरिंग गेली. ती बदलून शिम (पातळ चकत्या) लावून घट्टपणा जुळवावा लागतो, नुसत्या बॅलन्सिंगने भागत नाही. तिथल्याच नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या जोडाच्या) मागच्या बाजूला पातळ झालेलं ग्रीस ओघळलेलं दिसलं तर ऑइल सीलही धरा.

एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. लिटरला दहा-अकरा किमीच्या पुढे पेट्रोलचा हिशेब जात नाही. १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघूनच भाव बोला. लष्कराच्या लिलावातली असेल तर आरसीवरचा चासी नंबर चासीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.

हुडवाला (छत्रपती संभाजीनगर)
इंजिनाचं वर आलंय, मी कापडाचं सांगतो, कारण आपल्याकडे गाडी आधी तिथूनच म्हातारी होते. मराठवाड्यात टप उघडून फिरण्याचे दिवस म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, तेही सकाळी. पुढे ४२ अंशांचं ऊन आणि मग पाऊस. म्हणजे वर्षातला जास्त काळ कापड बंदच राहणार.

मागची प्लॅस्टिकची काच आधी बघा. पिवळी, धुरकट झाली असेल तर ती साफ होत नाही, बदलावीच लागते. ओरखडे येतात ते आपल्याच हाताने: धूळ बसलेली काच कोरड्या फडक्याने पुसली की झालं. आधी पाणी ओता, मग हात लावा. टप गुंडाळताना घडीत जुनी सुती चादर घाला, नाहीतर आतली धूळ वाळूकागदासारखी काम करते. ओला टप कधीही गुंडाळून ठेवू नका, दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात.

दरवाज्यांच्या रबराला ग्रीस किंवा व्हॅसलिन लावणारे लोक आहेत. त्या तेलाने रबर फुगतं. सिलिकॉन लावा. टपाच्या चेनच्या (झिपच्या) दात्यांनाही तेच.

थारचं एक खास. ती सॉफ्ट टॉप घेऊन वर बाहेरचा फायबरचा टप बसवणारे खूप. तशी गाडी असेल तर मूळ कापड, लोखंडी कमानी आणि खिडक्या मिळणार का हे सौद्याआधी विचारा. कमानी नसतील तर ती उघडणारी गाडी उरलेलीच नाही. आणि थार घेऊन समृद्धीवर १०० च्या पुढे गेलात तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागेल. ती गाडी औशाच्या रस्त्यालाच बरी.

मांजराकाठ
झेन रद्द. पाणी गळतं का हे घेण्याआधी कसं कळेल? आणि स्टॉर्मबद्दल कुणीच बोललं नाही.

हुडवाला
नळी लावा. आधी समोरच्या काचेच्या वरच्या कडेवर, मग दरवाज्यांवर, प्रत्येकी पाच मिनिटं, बारीक धार. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको, त्याने चांगला टपही गळतो आणि शिवण उसवते. गाडी "आत्ताच धुतली" म्हणून मॅट ओलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

पाना_१४
स्टॉर्म गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. दिसायला तुमच्या यादीतली सगळ्यात देखणी, हे मान्य. पण काच, दिवे, दरवाज्याची रबरं शोधत बसावं लागेल. फायबरला गंज नसतो म्हणून फसू नका, आतली लोखंडी चौकट गंजते. विम्यात फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के आणि प्लॅस्टिक-रबरवर ५० टक्के घसारा कापतात, तो हिशेबही धरा. दुसऱ्या गाडीच्या दुरुस्तीतच रमायचं असेल तर घ्या.

लीफस्प्रिंग
एक राहिलं. महिन्यातून दोनदाच निघणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आपल्याच उसाचं म्हणा, आणि ते हवेतली ओल ओढतं. जिप्सीच्या जुन्या रबरी इंधन नळ्या इथेनॉलला चालतील अशा बदलून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवा, मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ ला आली की चार्जिंगला लावा. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३४१८ म्हणजे २०१८ चा ३४ वा आठवडा, असा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. आणि त्या शेडमध्ये सरकी पेंडीची पोती असतील तर आधी ती हलवा. उंदीर पेंडीसाठी येतात आणि कापडी टपात घर करतात.

मांजराकाठ
पोती आहेतच, अकरा. रविवारी जिप्सी बघायला जातोय, जॅक घेऊन.