चर्चा: पोरांना घरातली उधारी दाखवावी का?

आर्वीची सून
गोष्ट २०२४-२५च्या हंगामातली. आमचा मोठा नववीत होता, मोबाईलसाठी हात धुऊन मागं लागलेला. एका रात्री व्यापाऱ्याला कापूस विकल्याची पट्टी आणि कृषी केंद्राची उधारीची वही त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, तूच लाव हिशोब.

नऊ क्विंटल, भाव ६,९००. झाले ६२,१००. वेचणीचे ९,०००, निंदण-डवरणीचे १२,०००, हमाली-गाडीभाडं १,८००, बियाणं-खत-फवारणीची उधारी ३१,०००. उरले ८,३००. पोरगं बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसलं. मग म्हणे, "आई, लांब धाग्याचा हमीभाव तर ७,५२१ आहे, मंग आपण कमी भावात काऊन देला?"

मग सांगावं लागलं. सरकारी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२च्या वर मालच घेत नाहीत. पैसे खात्यात यायला थांबावं लागतं, आणि उधारीवाला थांबायला तयार नव्हता. साडेपाच हजारांवर पाणी सोडलं ते त्या घाईपायी. गुल्लक सगळेच देतात हो. पण आठवी-नववीपासून घराची वही पोरांना दाखवलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कोरडवाहू, यवतमाळ
ताई, अजिबात पटलं नाही. मी आठवीत असताना बाबा आत बसायचे आणि मला दारात पाठवायचे, "सांग, बाबा घरी नाही." सावकार खाली बघायचा आणि म्हणायचा, "चप्पल तर इथंच आहे." आज बेचाळिशीत बँकेचा फोन आला तरी पोटात गोळा येतो. आमच्या जिल्ह्यात कर्जापायी किती घरं उघडी पडली, हे कोणाला सांगायला नको. लेकराच्या डोक्यावर ते ओझं कशाला?

आर्वीची सून
दादा, वाचून गलबलून आलं. पण तुम्हाला हिशोब कोणी दाखवला होता का? तुम्हाला फक्त खोटं बोलायला लावलं. किती देणं आहे, कधी फिटणार, हे माहीत नसलेलं पोरगं त्याहून मोठा आकडा मनात धरून बसतं.

बचत गटवाली
वही नंतर दाखवा, आधी त्यांचे पैसे त्यांना द्या! तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात, बोजारा म्हणून मिळालेले पैसे जमवतात, आणि संध्याकाळी आई म्हणते, "आण, ठेवते." त्याचं तेल-साखर होते. पोरगी विसरत नाही ते. दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात लेकराला स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं, ५०० रुपयांत उघडतं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं २०१४मध्येच तशी मुभा दिली. अठरा वर्षांखालच्या लेकराच्या खात्यावर उचल, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त पैसे, मिळत नाही, म्हणून कर्जाची भीती नाही. माझ्या मुलीनं पहिल्यांदा स्वतः स्लिप भरली, तेव्हा अक्षरी रक्कम लिहिताना तिची जीभ बाहेर आली होती. आता दर वेळी पासबुकावर नोंद करून घेतल्याशिवाय उठत नाही.

निवृत्त गुरुजी
खातं ठीक. हातात रोकड नको. तीस वर्षं खेड्यातल्या शाळेत काढली. दिवाळीच्या सुट्टीत पोरं वेचणीला जायची, मजुरी हातात पडायची, आणि शाळा उघडली की बाकं रिकामी. जी यायची त्यांतल्या काहींच्या खिशात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी. पैसा कमावता येतो हे कळलं, की भूमिती कशाला शिकायची हे पटवणं फार अवघड जातं.

बचत गटवाली
गुरुजी, त्यातली कितीतरी पोरं घरात गरज होती म्हणून थांबली. दोष रोकडीचा नाही.

निवृत्त गुरुजी
काहींचं तसं होतं, मान्य. सगळ्यांचं नाही. ती पोरं माझ्या डोळ्यासमोर आहेत.

कोरडवाहू, यवतमाळ
ताई, दोन दिवस तुमच्या प्रश्नावर विचार केला. देणं नेमकं किती होतं, हे मला खरंच कधी कळलं नाही. बाबा गेल्यावर कागद सापडले, तेव्हा मी मनात धरलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. तरी माझी पोरगी सहावीत आहे, तिला आत्ता वही दाखवणार नाही. पोस्टात मात्र सोमवारी घेऊन जातो. फोटो किती लागतात?