आधी फेरफार, मग कोतवाल बुक

पणजोबांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत सापडत नाही, ती कशी शोधायची, असं एकाने विचारलंय. थेट जन्म-मृत्यू नोंदीपासून सुरुवात केली की असंच होतं. साल माहीत नसताना कुणी किती वह्या चाळायच्या? आधी जमिनीकडून या. जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक असतात, ते धरून मागे जा. वारस फेरफारात बहुधा 'अमुक मयत, वारस अमुक' आणि मृत्यूची तारीख किंवा निदान साल मिळतं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत.

साल हाती आलं की तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकासाठी (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) अर्ज करा. अर्जात एकच साल न लिहिता मागेपुढे दोन-दोन वर्षं मागा. आडनाव शोधत बसू नका. कित्येक नोंदींत फक्त नाव, बापाचं नाव आणि जात असते. जन्माच्या नोंदीत तर मुलाचं नावही नसतं, कारण बारशाआधीच नोंद झालेली. मजकूर मोडीत असेल तर तो वाचणारा जाणकार लागेलच. कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनातल्या नोंदीला बहुधा ७९.

जमीनच नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणारे पुरोहित) वह्या पाहा. तिथे मात्र आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगावं लागतं.