अनुभव धागा: इंजिनिअरिंगचं कर्ज आणि पहिला पगार

तासगावकर
काल बहिणीचा फोन आला. भाचीला कॅप राउंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत) पुण्यातलं खासगी कॉलेज लागतंय. "दादा, कर्ज काढू का?" आणि मला एकदम २०१६ चं चाकण आठवलं. हातात १८ हजार. कॉट बेसिसवर खोली, मेस, कंपनीची बस सोडून शेअर रिक्षा. कर्जाचा हप्ता गेल्यावर महिनाअखेर वडापावावर, आणि कधीकधी हप्ताच अण्णांनी बेदाण्याच्या पैशातून भरलेला. कॉलेजात मात्र बोर्डावर आमच्या फोटोखाली वार्षिक पॅकेजचा आकडा झळकत होता.
रात्री बसून भाचीचा हिशोब मांडला. दर वर्षी १ लाख असं ४ लाख कर्ज, व्याज १० टक्के धरू. शिकताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. हप्ता सुरू होईस्तोवर ४ चे ५ लाख ४० हजार. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळजवळ ९ हजार. पहिल्या पगाराशी हे लावून बघा.
तुमचं काय झालं? लिहा, बहिणीला वाचायला देणार आहे.

कुपवाड_एमआयडीसी
मेकॅनिकल. आमच्या शॉपमध्ये डिप्लोमावाला आणि बीईवाला एकाच व्हीएमसी मशीनवर. पगारात फरक दोन हजाराचा, कर्जात फरक चार लाखाचा. बाकी बरं चाललंय 😀

अजिंक्यतारा_पायथा
मी कराडच्या शासकीयला. साताऱ्याहून एसटीचा पास, डबा घरचा. कर्ज शून्य. पहिला पगार तुमच्यापेक्षा कमी होता तरी मी श्रीमंत. पण मार्क पडले म्हणून ते लागलं, हेही खरंच.

इस्लामपूरची_सून
माझ्या नावात इस्लामपूर आहे, पण ईश्वरपूर म्हणा आता!
आमचे हे कॉम्प्युटरवाले. कर्ज मोठं होतं, पण आयटीत दोन कंपन्या बदलल्या आणि चार वर्षांत मिटवलं. तेव्हा सरसकट कर्ज वाईट असं नाही. ब्रँच बघा. त्यांचाच रूममेट सिव्हिलचा, तो अजून फेडतोय.

निवृत्त_शाखाधिकारी
शिकत असताना व्याज सरळव्याजाने लागते, चक्रवाढ नाही. ते दरमहा भरत गेलात तर मुद्दल फुगत नाही, आणि बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्का सूटही देतात. पहिल्या वर्षी ८००-९०० रुपयेच असतात हो. लोक "नंतर बघू" म्हणतात. दुसरे, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. सातबारा मागितला तर नियम दाखवा म्हणावे.

तासगावकर
काका, आमच्याकडे सातबारा, आठ-अ, चुलत्याची सही, सगळं मागितलं होतं. अण्णा गपगुमान देऊन आले. साहेब नाराज नको व्हायला.

निवृत्त_शाखाधिकारी
असे व्हायचे. नाकारणार नाही.

मिरज_जंक्शन
अहो थांबा, भाची म्हणताय ना? मग आधी फीच किती लागतेय ते बघा! २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि प्रवर्ग ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी. प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. माझ्या पुतणीला मिळालं. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस मात्र आपलंच.

तासगावकर
हे बहिणीला माहीतच नसणार. दाखला काढायला सांगतो आजच.

मिरज_जंक्शन
तहसीलला गर्दी असते या दिवसांत, सकाळी लवकर जा. आणि टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागांचा) पर्यायही भरायला लावा पुढच्या राउंडला.

कुपवाड_एमआयडीसी
आमच्या वेळी नव्हतं बाबा काही. मुलगी म्हणून जन्मायला पाहिजे होतं.

इस्लामपूरची_सून
या जन्माला, मग सांगते 😂 लग्न ठरवताना "मुलीवर कर्ज आहे का" विचारणारे भेटतील. माझ्या मैत्रिणीला सरळ विचारलं होतं चहा पिता पिता. मुलाच्या कर्जाचं कोण विचारतंय?

अजिंक्यतारा_पायथा
+१. आमच्याकडे मुलाच्या कर्जाला "शिकलेला आहे" म्हणतात.

खणभागातली
विषय सोडून विचारते. शैक्षणिक कर्जावरची आयकरातली ८०ई ची सूट मला यंदा दिसत नाहीये. हप्ते चालू आहेत.

निवृत्त_शाखाधिकारी
ती जुन्या करपद्धतीतच मिळते. तीही फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही, आणि जास्तीत जास्त ८ वर्षे.

खणभागातली
कंपनीनं न विचारता नवी लावलीय.

निवृत्त_शाखाधिकारी
फक्त पगार असेल तर रिटर्न भरताना बदलता येते. पण आधी दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहा, नवीच स्वस्त पडायची शक्यता आहे. बँकेकडून व्याजाचा दाखला मात्र घेऊन ठेवा.

खणभागातली
बरं काका. कुकर झाला, रात्री बघते.