जेमी लॅनिस्टर : वाल्याचा वाल्मीकी झाला का?

रातकिडा :
बायकोला नुकतीच पहिल्यांदा 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका दाखवली. सगळे ७३ भाग. (शेवट माहीत नसेल तर इथूनच मागे फिरा.) २०१९ मध्ये सोमवारी सकाळी ऑफिसला उशिरा जाऊन आठवा सीझन बघताना जेमीवर जाम भडकलो होतो. या खेपेला उलटंच झालं. त्याचं सुधारणं खरं वाटलं, ब्रिएन या लढवय्या बाईवरचा जीव खरा वाटला, आणि तरी तो सर्सीकडे (त्याची जुळी बहीण, प्रेयसी आणि राणी, सगळं एकच) परत गेला हेही पटलं.

पहिल्याच भागात, सर्सीसोबत पाहिलं म्हणून दहा वर्षांच्या ब्रानला खिडकीतून ढकलणारा हा माणूस. तिसऱ्या सीझनमध्ये ब्रिएनवर बलात्कार होऊ नये म्हणून दोघांना पकडणाऱ्या सैनिकांना थाप मारतो, की तिचा बाप तिच्या वजनाइतके नीलमणी देईल. त्याच रात्री त्याचा उजवा हात तोडतात. ज्याची सगळी ओळख तलवारीत, त्याचा तलवारीचा हातच गेला. मग हॅरनहॉल किल्ल्याच्या हमामात, अंगात ताप असताना, तो तिला सांगून टाकतो की ज्याचा अंगरक्षक होता त्या वेड्या राजाला का मारलं : तो अख्खं शहर पेटवणार होता. जग 'राजघातकी' म्हणून थुंकतं आणि ऐकून घेणारी ही एकटी. माझ्या मते प्रेम तिथेच जडलं. पहिल्या चुंबनाला मात्र आठवा सीझन उजाडला! आपल्याकडे खलनायिका वटपौर्णिमेच्या आठवड्यात सुधारते आणि गणपतीला पुन्हा दुधात काहीतरी कालवते.

पानसुपारी :
साफ असहमत. एका बाईशी बरं वागला म्हणजे सुधारला? हमामानंतरचं सोयीस्कर विसरलात. चौथ्या सीझनमध्ये दोघांच्याच पोराच्या प्रेताशेजारी सर्सीवर जबरदस्ती. सहाव्यात रिव्हररन किल्ल्याच्या वेढ्यात तिथल्या कैद केलेल्या सरदाराला, एडम्युरला धमकी : किल्ला दे, नाहीतर तुझं तान्हं पोर दगडफेकी यंत्रात घालून आत भिरकावतो. कशासाठी, तर सर्सीकडे परत जायचंय. स्वतःच्या तोंडाने सांगतो. वाल्याचे रांजण भरतच होते हो, फक्त ब्रिएन समोर असली की खडा मुठीत लपवायचा.

रातकिडा :
रिव्हररन मान्य. पण धमकीच होती, पोर फेकलं नाही. आणि चौथ्या सीझनमधला तो प्रसंग पुढच्याच भागांत असा गिळून टाकलाय की जणू घडलाच नाही. तो मला जेमीचा नाही, लेखकांचा गुन्हा वाटतो.

पानसुपारी :
म्हणजे आवडलेले प्रसंग जेमीचे आणि नावडलेले लेखकांचे. छान आहे.

कोळंबीखिचडी :
वाल्या काढलाच आहे तर नीट काढा. नारदाने त्याला घरी पाठवलं ते एकच विचारायला : माझ्या पापात वाटेकरी होता का? जेमीने ब्रानला ढकललं तेही 'प्रेमापायी', तसं म्हणूनच ढकललं. पण सर्सीला तो हा प्रश्न आयुष्यात विचारत नाही. उत्तर मात्र न विचारता मिळतं. सातव्याच्या शेवटी कळतं की उत्तरेला सैन्य पाठवायचा शब्द ही थाप होती, आणि हा निघाला तर ती त्या राक्षसी पहारेकऱ्याला तलवार उपसायला लावते. इतकं लख्ख उत्तर वाल्यालाही मिळालं नव्हतं. पण वाल्या घरून परत आला, हा घरी परत गेला.

आणि आठव्यात ब्रानची माफी मागतो तेव्हा म्हणतो, मी आता तो माणूस नाही. ब्रान शांतपणे सांगतो, मला ढकललं नसतंस तर अजून तोच असतास. अंगावर काटा आला होता. माझं मत कुंपणावर आहे, राहू द्या.

ओली_चकली :
तुमचा वाल्मीकी होईल न होईल, ब्रिएनचं काय? आठव्याच्या दुसऱ्या भागात शेकोटीपाशी तो तिला सरदारकी देतो. अख्ख्या मालिकेतला सगळ्यात प्रेमाचा प्रसंग तोच, त्यात कुणी कुणाला हातही लावत नाही (तलवार सोडून). ब्रिएन झालेल्या ग्वेंडोलिन क्रिस्टीचं ते हसू बघा. आणि चौथ्या भागात एकत्र रात्र काढून, त्याच भागात तो घोड्यावर खोगीर चढवतो आणि ही बर्फात झग्यावर उभी राहून 'जाऊ नकोस' म्हणून रडते. पाच सीझन शिजवलेलं एका भागात करपवलं. परत जाणं पटेलही एखाद्याला, पण त्याला वेळ द्यायचा की! अख्खा सीझन सहा भागांचा. पाचव्यात तर म्हणतो, निरपराध असोत नसोत, लोकांची मला कधी फिकीर नव्हती. मग हमामात रडला तो कोण? लोकांसाठीच राजा मारला ना?

रातकिडा :
ते वाक्य मलाही खटकलं, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण 'ती द्वेषाने भरलेली आहे आणि मीही' म्हणून जातो ना, ते व्यसनी माणसाचं बोलणं आहे. वर्षभर दारू सोडलेला माणूस एका रात्रीत परत बसतो. म्हणून ते वर्ष खोटं होतं का?

पानसुपारी :
वर्ष खोटं नसेल. पण घरच्यांनी त्याला वाल्मीकी म्हणून पाटावर बसवू नये.

रातकिडा :
बरं, घरचं ऐका. शेवटी ब्रिएन राजाच्या अंगरक्षकांची कामगिरी नोंदवायच्या त्या पांढऱ्या पोथीत त्याच्या नावापुढे लिहिते, राणीचं रक्षण करताना मरण आलं. माझे डोळे भरून आलेले. बायको म्हणाली, "मी असते तर पान कोरं ठेवलं असतं. आणि शाई घरी आणली असती."

ओली_चकली :
वहिनींना +१. तुम्हाला नाही.